अंतर एकच, मग जाताना आठ तास आणि येताना सात का?

प्रश्न थोडक्यात असा: लंडन ते न्यूयॉर्क हवाई अंतर एका संकेतस्थळावर ५,५४० किलोमीटर दिसतं, दुसऱ्यावर ५,५५५ च्या आसपास, तिसऱ्यावर ५,५७०. विमानाला लागणारा वेळ म्हणून तिथेच साडेसहा तास लिहिलेत. तिकिटावर मात्र जाताना आठ तास आणि येताना सात. यातलं खरं काय मानायचं? शिवाय एक पुरवणी प्रश्न: पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तर पश्चिमेला जाणारं विमान उलट लवकर पोहोचायला नको का?

माझं काम फ्लाइट डिस्पॅचचं. विमान उडण्याआधी त्याचा मार्ग, उंची, इंधन आणि वेळ कागदावर ठरवायचा आणि कॅप्टनबरोबर त्यावर सही करायची. हा प्रश्न आमच्याकडे रोज वेगळ्या रूपात येतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. आधी उत्तर सांगून टाकतो. अंतराचे तिन्ही आकडे बरोबर आहेत. साडेसहा तास हा वारा अजिबात नसलेल्या आकाशातला वेळ आहे, आणि असं आकाश अटलांटिकवर नसतं. जमिनीवरचं अंतर कायम तेच राहतं, पण विमान जमिनीवरून जात नाही, हवेतून जातं. हवेतलं अंतर रोज बदलतं, आणि वेळ ठरतो तो त्यावर.

अंतराचं कोडं सोपं आहे. गोलावरच्या दोन बिंदूंमधली सर्वात जवळची वाट म्हणजे त्या दोघांतून जाणाऱ्या महावर्तुळाचा तुकडा. त्याचं गणित कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत होतं. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करायचा. मग दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनने गुणायचं. दोन्हींची बेरीज हा त्या दोन शहरांमधल्या कोनाचा कोसाइन. हीथ्रो ५१.४७ अंश उत्तर, ०.४५ पश्चिम. न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. पहिला गुणाकार येतो ०.५०९५, दुसरा ०.१३५६, बेरीज ०.६४५१. हा कोसाइन ४९.८३ अंशांचा. एका अंशाला १११.१९ किलोमीटर धरले की झाले ५,५४० किलोमीटर. नॉटिकल मैल हवे असतील तर नुसतं ६० ने गुणायचं, कारण नॉटिकल मैल मुळात एका अंशाच्या साठाव्या भागावरूनच आला. म्हणजे साधारण २,९९० मैल. आमच्या धंद्यात किलोमीटर कुणी बोलत नाही, त्याचं कारण हेच.

मग ५,५५५ कुठून आले? वरच्या गणितात पृथ्वी पूर्ण गोल आणि तिची त्रिज्या सगळीकडे ६,३७१ किलोमीटर धरली आहे. प्रत्यक्षात ती ध्रुवांकडे चपटी आहे: विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८, ध्रुवाशी ६,३५७. जीपीएस ज्या लंबगोल आकारावर चालतं तो धरून मोजलं, तर अशा पूर्व-पश्चिम मार्गाची लांबी पंधरा-एक किलोमीटरने वाढते. पाव टक्क्याच्या आसपासचा फरक. तिसरा आकडा विमानतळापासून विमानतळापर्यंत नाही, शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंतचा आहे. हीथ्रो लंडनच्या पश्चिमेला आणि केनेडी मॅनहॅटनच्या पूर्वेला. दोन्ही विमानतळ एकमेकांच्या दिशेने पुढे सरकलेले, त्यामुळे शहरांमधलं अंतर तीसेक किलोमीटरने जास्त भरतं. हे सगळे फरक एकोणीस-वीसचे आहेत. त्यावरून वेळ काढायला बसलात तर फरक दोन मिनिटांच्या आतच राहील. वेळेची खरी मारामारी पुढे आहे.

जाता जाता नकाशाबद्दल. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून मारलेली रेघ ही जवळची वाट नसते. न्यूयॉर्क आणि माद्रिद दोन्ही साधारण साडेचाळीस अंश उत्तरेला आहेत. पट्टीने सरळ पूर्वेला गेलात तर ५,९०० किलोमीटरहून थोडं जास्त अंतर पडतं. महावर्तुळाने गेलात तर सुमारे ५,७६० पडतं, आणि ती वाट मधोमध ४६ अंशांच्याही उत्तरेला चढून येते. लंडनहून निघालेल्या प्रवाशांना तर हे फारच चमत्कारिक वाटतं. न्यूयॉर्क लंडनपेक्षा जवळजवळ अकरा अंश दक्षिणेला, पण विमान निघताना तोंड करतं पश्चिम-वायव्येला, आयर्लंडच्या बाजूला. समोरच्या पडद्यावरची रेघ धनुष्यासारखी वाकलेली दिसते आणि मग कुणीतरी विचारतं की कंपनी वळसा घालून का नेते. वळसा नाही, सरळच चाललंय. वाकलाय तो नकाशा.

खरा वळसा वेगळ्या कारणांनी पडतो. महावर्तुळ हा भूमितीचा हिशेब. विमानाला त्या रेघेच्या जवळपास राहायचं असतं, पण अगदी तिच्यावर उडणं क्वचितच जमतं. जमिनीवर ठरलेले हवाई मार्ग आहेत, लष्कराचे राखीव पट्टे आहेत, गर्दीच्या विमानतळांवर उतरण्याच्या ठरावीक वाटा आहेत. उत्तर अटलांटिकवर तर रोज दोनदा नव्या वाटा आखल्या जातात. युरोपातून पश्चिमेला जाणाऱ्या दिवसाच्या वाटा ब्रिटन-आयर्लंडचं शॅनविक हवाई नियंत्रण केंद्र आखतं, रात्री पूर्वेला येणाऱ्या वाटा कॅनडातलं गँडर केंद्र. त्या दिवशी वारा कुठे आहे ते पाहून या वाटा उत्तरेला किंवा दक्षिणेला शेकडो किलोमीटर सरकवतात. आज ज्या वाटेने गेलात ती उद्या अस्तित्वात नसते.

डोंगरही आडवे येतात. तिबेटच्या पठारावरून फारशी विमानं जात नाहीत, त्याचं कारण हिमालयाची उंची नाही. विमान शिखरांच्या बरंच वरून उडतं. अडचण येते ती विमानातला हवेचा दाब गेला तर. अशा वेळी वैमानिकाला विमान तातडीने दहा हजार फुटांपर्यंत, म्हणजे तीन हजार मीटरच्या आसपास खाली आणायचं असतं, कारण प्रवाशांच्या डोक्यावरच्या मास्कमधला ऑक्सिजन साधारण पाव तासच पुरतो. खाली जमीनच साडेचार हजार मीटरवर असेल तर उतरणार कुठे? म्हणून त्या भागात सुटकेच्या वाटा आधी आखाव्या लागतात, नाहीतर बाजूने जावं लागतं.

समुद्रावर अडचण वेगळी. दोन इंजिनांच्या विमानाचं एक बंद पडलं, तर उरलेल्या एकावर ठरावीक वेळात कुठल्या तरी विमानतळावर पोहोचता आलं पाहिजे. पूर्वी ही मर्यादा ६० मिनिटांची होती. १९८५ मध्ये १२० मिनिटांची परवानगी मिळाली आणि दोन इंजिनांची विमानं अटलांटिक ओलांडू लागली. पुढे १८० मिनिटं झाली, आणि एअरबस ए३५० ला आता ३७० मिनिटांपर्यंतची मान्यता आहे. उत्तर गोलार्धात बेटं आणि धावपट्ट्या इतक्या आहेत की हा नियम आज फारसा जाणवत नाही. दक्षिणेत अजून जाणवतो. सिडनी ते सँटियागो हे महावर्तुळ थेट अंटार्क्टिकाकडे झुकतं, तिथे आधाराला विमानतळ नाहीत. म्हणूनच चार इंजिनांची विमानं त्या मार्गांवर बाकी जगापेक्षा जास्त काळ टिकली.

आणि मग राजकारण. हेलसिंकी ते टोकियो हे अंतर महावर्तुळाने सुमारे ७,८०० किलोमीटर, आणि २०२२ च्या फेब्रुवारीपर्यंत त्याला साडेनऊ तासांच्या आसपास लागत. रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं आणि तोच प्रवास तेरा तासांवर गेला. फिनएअरची विमानं कधी उत्तर ध्रुवावरून, अलास्काच्या बाजूने जपानला उतरू लागली, तर कधी दक्षिणेकडून मध्य आशियामार्गे. शहरं जागच्या जागी, अंतर कोष्टकात तेच, पण वाट द्राविडी प्राणायामाची. ध्रुवावरून जाताना आम्हाला आणखी एक काळजी असते, ती म्हणजे पंखातल्या इंधनाचं तापमान. जेट ए-१ हे इंधन उणे ४७ अंशांना गोठू लागतं. बाहेरची हवा त्याहून थंड असते, त्यामुळे तास न् तास उडताना इंधन किती गार होतंय यावर नजर ठेवावी लागते. शीतयुद्धातही युरोप-जपान विमानं अशीच अलास्कातल्या अँकरेजला इंधन भरून पुढे जात. जुन्या पिढीतल्या वैमानिकांना ते विमानतळ पाठ होतं, मधली पिढी ते विसरली होती.

आता वारा. माझ्या मते बाकी सगळी कारणं एका पारड्यात आणि वारा दुसऱ्यात टाकला तरी लांबच्या पूर्व-पश्चिम मार्गांवर वाऱ्याचं पारडं जड भरेल.

साधारण ३० ते ६० अंश अक्षांशांच्या पट्ट्यात, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान झोत असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. रुंदी काही शे किलोमीटर, जाडी मोजकी, आणि गाभ्यातला वेग ताशी दोनशे-तीनशे किलोमीटर सहज. प्रवासी विमानं नेमकी याच उंचीवर उडतात. जपानमध्ये वासाबुरो ओइशी या हवामानतज्ज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते, पण अहवाल लिहिला एस्पेरान्तो भाषेत, जगभर वाचला जावा म्हणून. त्यामुळेच तो बाहेर फारसा कुणी वाचला नाही. १९४४ मध्ये अमेरिकी बी-२९ बॉम्बर जपानवर उंचावरून उडू लागले तेव्हा या वाऱ्यांनी त्यांची चांगलीच दमछाक केली, आणि मग सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं.

शाळेत नदीतल्या नावेची गणितं सोडवली असतील: प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध. विमानाचं गणित हुबेहूब तेच. मोठं विमान माक ०.८५ ने, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ८५ टक्क्यांनी उडतं. त्या उंचीवर हवा उणे ५६ अंशांची असते आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर. म्हणजे विमानाचा हवेतला वेग ताशी ९००. लंडनहून न्यूयॉर्कला जाताना समोरून सरासरी १३० किलोमीटर वारा धरा, हा हिवाळ्यातला अगदी सामान्य आकडा. जमिनीच्या हिशेबात विमान ७७० ने चाललंय. ५,५४० भागिले ७७०, म्हणजे ७ तास १२ मिनिटं. येताना तोच वारा पाठीशी: वेग १,०३०, वेळ ५ तास २३ मिनिटं. वारा नसता तर दोन्ही बाजूंना ६ तास ९ मिनिटं; चढण्या-उतरण्याचा वेळ धरला की संकेतस्थळावरच्या साडेसहाच्या जवळपास.

इथे एक गंमत बघा. जाताना गमावलं ते येताना परत मिळतं, अशी समजूत असते. जाताना ६३ मिनिटं गेली आणि येताना ४६ च मिळाली. विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं आणि अनुकूल वाऱ्यात कमी वेळ राहतं, म्हणून येण्याजाण्याच्या गोळाबेरजेत वारा नेहमी काहीतरी खातोच. कितीही सोयीचा असला तरी.

हेच हवेतल्या अंतरात मांडून पाहा. जाताना विमानाने ७ तास १२ मिनिटं ९०० च्या वेगाने हवा कापली, म्हणजे ६,४७५ किलोमीटर. येताना ४,८४० च्या आसपास. इंजिनांच्या दृष्टीने, इंधनाच्या दृष्टीने, लंडन-न्यूयॉर्क आणि न्यूयॉर्क-लंडन ही दोन वेगळी अंतरं आहेत आणि त्यांत दीड हजार किलोमीटरचा फरक आहे. आम्ही इंधन भरतो ते या अंतराचं. नकाशावरच्या अंतराला इंधन लागत नाही.

फ्लाइट प्लॅनच्या कागदावर हे उघड दिसतं. समुद्रावरच्या प्रत्येक टप्प्याची एक ओळ असते. उदाहरणादाखल, ५३ उत्तर ३० पश्चिम हा बिंदू, पातळी ३६०, म्हणजे ३६ हजार फूट. पुढे वारा २८०/०९५: २८० अंशांकडून येणारा, ९५ नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल). त्यापुढे एम०९१. हा ‘एम’ म्हणजे मायनस: त्या वाऱ्याचा ९१ नॉट एवढा भाग थेट तोंडावर येतो आहे. पाठीमागून असता तर तिथे ‘पी’ दिसला असता. कागद हातात आला की अनुभवी कॅप्टन आधी त्या रकान्यावरून बोट फिरवतो. सगळ्या ओळींची सरासरी एम०७० असेल तर तो मनातल्या मनात वेळ सांगून मोकळा होतो. अंतराच्या रकान्याकडे फारसं कुणी बघत नाही, तो कालही तेवढाच होता.

एकदा हे ध्यानात आलं की लांबची वाट जवळची कशी ठरते ते कळतं. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को महावर्तुळाने सुमारे १२,४०० किलोमीटर. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये एअर इंडियाने हे विमान नेहमीच्या अटलांटिकऐवजी पूर्वेला, पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं सुमारे १५,३०० किलोमीटर, अटलांटिकच्या वाटेपेक्षा १,४०० ने जास्त. वेळ मात्र साडेचौदा तास, म्हणजे आधीपेक्षा जवळजवळ दोन तास कमी. पाठीशी वारा होता. सिंगापूर ते न्यूयॉर्क हा आजच्या सर्वात लांब विनाथांबा प्रवासांपैकी एक, सुमारे १५,३०० किलोमीटर आणि साडेअठरा तासांच्या पुढे. अशा मार्गांवर डिस्पॅचरला मोकळीक जास्त असते. त्याचं कारण भूमितीत आहे. पृथ्वीवर दोन ठिकाणांत जास्तीत जास्त अंतर असू शकतं २०,००० किलोमीटर, आणि त्या टोकाच्या जितके जवळ जाल तितक्या सगळ्या दिशा सारख्या होत जातात. डावीकडून गेलात काय, उजवीकडून गेलात काय, वाढणारं अंतर तुलनेने थोडं. मग वारा बघून बाजू निवडायची.

टोकाची उदाहरणं बातम्यांत येतात. २०२० च्या फेब्रुवारीत युरोपवर सियारा नावाचं वादळ आलं होतं, तेव्हा ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या हिशेबात त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. लगेच मथळे आले की प्रवासी विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला. काही ओलांडलं नाही. हवेच्या हिशेबात ते रोजच्याच वेगाने चाललं होतं, हवाच पळत होती. खऱ्या अर्थाने ध्वनीपेक्षा वेगाने जायचं ते काँकर्ड: १९९६ च्या फेब्रुवारीत याच मार्गावर २ तास ५३ मिनिटांहून किंचित कमी वेळ. काँकर्ड इतक्या उंचावरून उडायचं की बहुतेक जेट स्ट्रीम त्याच्या खालीच राहायचा.

वाऱ्याच्या आडव्या मार्गांवर हा फरक जवळपास नाहीसा होतो. लंडन ते जोहान्सबर्ग नऊ हजार किलोमीटर, लंडन-न्यूयॉर्कच्या दीडपटीहून जास्त. पण उत्तर-दक्षिण असल्यामुळे जाताना-येताना दोन्हीकडे अकरा तासांच्या आसपासच. कुणी जाण्यायेण्याच्या वेळेतला फरक सांगितला, तर मार्ग पूर्व-पश्चिम आहे की नाही हे न बघताही ओळखता येतं.

पृथ्वीच्या फिरण्याचं उत्तरही इथेच देतो. विषुववृत्तावर जमीन ताशी १,६७० किलोमीटरने पूर्वेकडे फिरते आहे. हवा तिच्याबरोबर फिरली नसती, तर तिथे आपल्याला कायम १,६७० किलोमीटरचा वारा लागला असता. हवा बरोबरच फिरते, आणि विमान हवेतच आहे. उडाल्यावर खालची जमीन निघून जात नाही. फिरण्याचा परिणाम होतो, पण आडवळणाने आणि उलटा. उष्ण कटिबंधातून ध्रुवाकडे सरकणारी हवा पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते, आणि तिथून हे पश्चिमी वारे तयार होतात. म्हणजे पृथ्वी फिरते म्हणूनच पश्चिमेला जायला जास्त वेळ लागतो. विषुववृत्त आणि ध्रुव यांच्या तापमानातला फरक हिवाळ्यात वाढतो, वारेही वाढतात. विमान कंपन्यांचं उन्हाळ्याचं आणि हिवाळ्याचं वेळापत्रक वेगळं असतं, आणि म्हणून एकाच मार्गाचा वेळ दोन्हींत काही मिनिटांनी बदललेला दिसतो.

वेगाबद्दल फार लिहीत नाही. वैमानिकाने थोडं दामटलं तर उशीर भरून निघेल, ही अपेक्षा फाजील आहे. माक ०.८५ चं ०.८६ केलं तर आठ तासांत पाच-सहा मिनिटं वाचतात आणि इंधन बरंच जास्त जळतं. कंपनी इंधनाचा दर आणि वेळेची किंमत यांचा मेळ घालून वेग ठरवते. इंधन महाग झालं की विमानं किंचित हळू चालतात. जास्तीचं इंधन घेऊन ठेवावं म्हटलं तर तेही फुकट नाही: जादा घेतलेल्या वजनातला साधारण तीन-चार टक्के भाग दर तासाला ते वजन वाहण्यातच जळतो. म्हणून लागेल तेवढं, वाटेतल्या अनिश्चिततेसाठी पाच टक्के, पर्यायी विमानतळापर्यंतचं आणि शेवटची ३० मिनिटं घिरट्या घालता येतील इतकं, असा हिशेब असतो.

मग तिकिटावरचे आठ आणि सात तास? तो उडण्याचा वेळ नाही. आम्ही त्याला ब्लॉक टाइम म्हणतो: विमान दाराशी असताना चाकाखालचे ठोकळे काढल्यापासून पलीकडच्या दाराशी ते पुन्हा लावेपर्यंत. त्यात मागे ढकलणं, धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, उतरण्याआधी घिरट्या आणि उतरल्यावर दारापर्यंत जाणं हे सगळं येतं. हीथ्रोवर उतरणाऱ्या विमानांसाठी चार बाजूंना बोविंग्डन, लँबोर्न, ऑकम आणि बिगिन अशी थांबण्याची चार ठिकाणं आहेत. सकाळच्या गर्दीत तिथे एकावर एक थर लावून विमानं फिरत असतात. केनेडीवर संध्याकाळी उडण्याची रांग अर्ध्या तासाची असू शकते. हे सगळं धरून, वर थोडी शिलकी मिनिटं ठेवून वेळ छापतात. शिल्लक ठेवण्यात स्वार्थ आहे. अमेरिकेत पंधरा मिनिटांच्या आत पोहोचलेलं विमान वेळेवर समजलं जातं, आणि छापील वेळ सैल असला की आकडेवारी छान दिसते. वैमानिक ‘आपण वीस मिनिटं लवकर पोहोचलो’ असं आनंदाने सांगतो, तेव्हा ती वीस मिनिटं बहुतेक वेळा वेळापत्रकातच आधी घातलेली असतात.

कुठल्याही दोन शहरांसाठी घरबसल्या अंदाज काढायचा असेल तर मी असा काढीन. महावर्तुळाचं अंतर घ्या. मोठं विमान असेल तर ९०० ने भागा, लहान, एका मार्गिकेचं असेल तर ८३० ने. उत्तर गोलार्धाच्या मध्य अक्षांशांत पश्चिमेला जाताना भागायचा हा वेग शंभर-सव्वाशेने कमी धरा, पूर्वेला तेवढाच जास्त. वाट वाकडी पडते म्हणून दोन-चार टक्के वाढवा, आणि वाटेत बंद आकाश असेल तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवून कंपनीचं वेळापत्रकच पाहा. शेवटी चढणं, उतरणं आणि जमिनीवरची सरपटणी यांसाठी पाऊण तास मिळवा. लांबच्या मार्गावर हा अंदाज अर्ध्या तासाच्या आत बसतो. जवळच्या मार्गावर ही रीत वापरू नका. पूर्ण उंची गाठायलाच दोनशे-एक किलोमीटर जातात आणि उतरण्याची सुरुवातही तेवढ्याच अंतरावरून होते. चारशे किलोमीटरच्या प्रवासात विमान त्याच्या नेहमीच्या वेगाला पोहोचतच नाही.

राहिलं घड्याळ. तिकिटावर दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात, त्यामुळे नुसती वजाबाकी करून गोंधळ होतो. लंडनहून सकाळी ११ ला निघून न्यूयॉर्कला दुपारी २ ला पोहोचता, घड्याळात तीनच तास. येताना संध्याकाळी ७ ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ७ ला, घड्याळात बारा. टोकियोहून लॉस एंजेलिसला तर उन्हाळ्यात संध्याकाळी ५ ला निघालेला माणूस त्याच दिवशी सकाळी ११ ला उतरतो, कारण प्रवास दहा तासांचा आणि घड्याळातला फरक सोळा तासांचा.

दोन्ही शहरांच्या वेळेतला फरक माहीत नसला तरी एक युक्ती चालते. जाण्याचा आणि येण्याचा घड्याळातला वेळ यांची बेरीज करा. वेळेतला फरक एकदा वजा आणि एकदा अधिक होत असल्याने आपोआप कटतो. तीन अधिक बारा, पंधरा. म्हणजे येणं-जाणं मिळून प्रवास पंधरा तासांचा, आणि वर म्हटल्याप्रमाणे तो आठ अधिक सात असा विभागला जातो. ही युक्ती फसते ती फक्त मार्चच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास. अमेरिका घड्याळ पुढे करते मार्चच्या दुसऱ्या रविवारी, ब्रिटन शेवटच्या रविवारी. शरद ऋतूत ब्रिटन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या. त्या मधल्या दिवसांत लंडन-न्यूयॉर्क फरक पाचाऐवजी चार तासांचा असतो. तुमचं जाणं त्या काळात आणि येणं त्यानंतर असेल, तर बेरजेत एक तासाची चूक येईल आणि पुढचं जोडविमान धरायचं असेल तर तेवढा एक तास आधी तपासून घ्या.